ईथर विकून बिटकॉइन घ्यायचे आहे : सर्वांत कमी खर्चाचा मार्ग कोणता?

गोदाकाठ

नमस्कार. माझ्याकडे गेल्या काही वर्षांत थोडेथोडे घेत गेलेले ईथर (इथेरियम या जाळ्याचे क्रिप्टो नाणे) आहे. आजच्या भावाने त्याचे साधारण दोन लाख रुपये होतात. खरेदीला एकूण १,४०,००० रुपये लागले होते. हे सगळे बिटकॉइनमध्ये बदलून घ्यावे आणि ते बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये ठेवावे, असा विचार आहे. दोन्हींपैकी कोणते नाणे चांगले, हा या धाग्याचा विषय नाही. त्यावर भांडण्यासाठी इतर धागे पुष्कळ आहेत. मला फक्त अदलाबदलीचा खर्च समजून घ्यायचा आहे.

मला दिसणारे मार्ग असे. ऑर्डर बुक (खरेदीदार-विक्रेत्यांनी लिहिलेल्या भावांची यादी) असलेल्या भारतीय एक्सचेंजवर ईथर विकून रुपये घ्यायचे आणि त्या रुपयांत बिटकॉइन घ्यायचे, किंवा तिथेच आधी यूएसडीटी (डॉलरला बांधलेले नाणे) करून मग बिटकॉइन घ्यायचे. दुसरा मार्ग एका बटणावर खरेदी-विक्री करून देणाऱ्या ॲपचा, ज्यावर ‘शून्य शुल्क’ असे ठळक लिहिलेले असते. तिसरा युनिस्वॅपसारख्या विकेंद्रित (मध्ये कंपनी नसलेल्या) एक्सचेंजचा, चौथा पी-टू-पी म्हणजे थेट व्यक्तीला विकण्याचा आणि पाचवा परदेशी एक्सचेंजचा. शुल्काचा रकाना पाहिला तर शून्य शुल्काचे ॲप पहिले येते, आणि नेमक्या याच कारणाने त्या रकान्यावर माझा भरवसा बसत नाही. जाणकारांनी शक्यतो आकड्यांसह लिहावे.

पाटीवाला

‘शून्य शुल्क’ हे शब्द लग्नपत्रिकेतल्या ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीसारखे वाचावेत आणि पाकीट सोबत ठेवावे.

आकडेमोड

पाटीवाला यांनी गमतीत सांगितले, तेच थोडे विस्ताराने सांगतो. बटणावर सौदा करून देणारे ॲप शुल्क घेत नाही, कारण त्याची कमाई भावातच मिसळलेली असते. हे तपासायला कोणतेही कौशल्य लागत नाही. एकाच क्षणी त्या ॲपवर खरेदीचा भाव पाहा, विक्रीचा भाव पाहा आणि दोन्हींचा मध्य काढा. समजा, बिटकॉइन घेताना भाव ८०,८०,००० रुपये दिसतो आणि विकताना ७९,२०,०००. मध्य ८० लाखांचा आहे, म्हणजे घेताना एक टक्का आणि विकताना एक टक्का तुम्ही देत आहात. फक्त त्याची पावती मिळत नाही.

तुमच्या बाबतीत हा फरक दोनदा लागतो, कारण ईथर विकायचे आहे आणि बिटकॉइन घ्यायचे आहे. ईथरच्या भावात एक टक्का आणि बिटकॉइनच्या भावात एक टक्का धरला, तर दोन लाखांवर जवळजवळ ४,००० रुपये झाले.

आता ऑर्डर बुकचा हिशेब. शुल्क ०.५ टक्के आहे असे धरू. पुष्कळ ठिकाणी ते याहून कमी असते. शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून प्रत्यक्ष दर ०.५९ टक्के. दोन लाखांचे ईथर विकताना १,१८० रुपये गेले. टीडीएसचे, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापल्या जाणाऱ्या कराचे, २,००० रुपये क्षणभर बाजूला ठेवू, त्यावर इथे वाद होणारच आहे. उरलेल्या रकमेचे बिटकॉइन घेताना आणखी १,१६० रुपये गेले. एकूण २,३४० रुपये. म्हणजे शुल्क घेणारे एक्सचेंज शुल्क न घेणाऱ्या ॲपपेक्षा स्वस्त पडले.

एक सूचना मात्र आहे. ऑर्डर बुकवर ‘मार्केट ऑर्डर’, म्हणजे मिळेल त्या भावाची ऑर्डर, टाकली आणि त्या वेळी बाजार विरळ असेल, तर तिथेही भावातला फरक खर्चात येतो. आपला भाव लिहून ‘लिमिट ऑर्डर’ टाकावी आणि थांबावे. बऱ्याच ठिकाणी अशा थांबणाऱ्या ऑर्डरला, ज्याला ते मेकर म्हणतात, शुल्कही कमी लागते.

सनदी_हिशेब

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे. धागाकर्त्यांनी यूएसडीटीमार्गे जाण्याचा जो पर्याय सहज लिहिला आहे, त्याबद्दल सांगते, कारण तिथे पुष्कळांची फसगत होते.

१ जुलै २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या, म्हणजे क्रिप्टोच्या, विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. तो विकणाऱ्याच्या नावावर कापला जातो. ईथर विकून रुपये घेतले, की तुमचा एक टक्का कापला जाईल. त्या रुपयांनी बिटकॉइन घेतले, तेव्हा विकणारा समोरचा आहे. कपात त्याची होईल, तुमची नाही. मात्र ईथर देऊन यूएसडीटी घेतले, तर तुम्ही ईथरचे विक्रेते आणि समोरचा यूएसडीटीचा विक्रेता, म्हणून दोघांचीही कपात होते. पुढे यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेताना तुम्ही पुन्हा विक्रेते ठरता आणि पुन्हा एक टक्का कापला जातो. म्हणजे रुपयामार्गे एकदा टीडीएस आणि यूएसडीटीमार्गे दोनदा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२ मध्ये काढलेल्या परिपत्रकात नाण्याच्या बदल्यात नाणे या व्यवहाराची रीत दिलेली आहे.

त्यामुळे सध्याच्या व्यवस्थेत, भारतातून भारतीय एक्सचेंजवर एक नाणे देऊन दुसरे घ्यायचे असेल, तर रुपया हे मधले स्थानक सोयीचे आहे. ईथर-बिटकॉइन अशी थेट जोडी मिळाली तर टीडीएस एकदाच आणि शुल्कही एकदाच. पण अशा जोडीत उलाढाल असते का, ते पाहावे लागते.

यंत्रमागकर

सनदीताई, टीडीएसला खर्च कशासाठी म्हणायचे? तो आपल्याच पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर वजा होतो किंवा परत मिळतो. खर्चाच्या तुलनेत तो धरणे मला पटत नाही.

आकडेमोड

एका सौद्यापुरते आपले म्हणणे मान्य आहे. वारंवार सौदे करणाऱ्याला मात्र ते लागू पडत नाही. एक लाख रुपये घेऊन बसलेल्या माणसाने तेच भांडवल पन्नास वेळा फिरवले आणि भाव जराही हलला नाही असे धरले, तरी प्रत्येक विक्रीला एक टक्का कापला जाऊन त्याच्या हातात ६०,५०० रुपये उरतात. बाकीचे ३९,५०० परताव्याची वाट पाहत बसतात. पैसा बुडालेला नाही, पण तो कामाचाही उरलेला नाही, आणि अडकलेल्या पैशाचे व्याज हा खर्चच आहे.

सनदी_हिशेब

दोघांचेही बरोबर आहे, आणि धागाकर्त्यांच्या बाबतीत यंत्रमागकर यांचे अधिक बरोबर आहे. त्यांना नफा झालेला आहे. ईथर देऊन बिटकॉइन घेणे हेही कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरणच. रुपये बँकेत आले नाहीत म्हणून कर लागत नाही, हा समज काढून टाकावा. नफा ६०,००० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून त्यावर ३० टक्के कर आणि त्या करावर चार टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के, रक्कम होते १८,७२० रुपये. टीडीएसचे २,००० रुपये यातूनच वजा होतील, तेव्हा त्यांच्यासाठी तो निव्वळ आगाऊ भरलेला कर आहे.

आता प्रमाण पाहा. शुल्काचा वाद २,३४० रुपयांचा आणि कर १८,७२० रुपयांचा. शिवाय टीडीएस वजा जाता उरणारी कराची रक्कम १०,००० रुपयांच्या वर आहे, म्हणून आगाऊ कराचे हप्ते लागू होतात; ते चुकले तर दरमहा एक टक्का व्याज. पगारदार असाल, तर कार्यालयाला हे उत्पन्न कळवून वर्षभराच्या पगारातून कापून घेता येते. ज्येष्ठ नागरिकाला व्यवसायाचे उत्पन्न नसेल, तर आगाऊ कर भरावा लागत नाही. आणि हा सौदा मार्चच्या शेवटच्या आठवड्याऐवजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात केला, तर कराची जबाबदारी पुढच्या आर्थिक वर्षात जाते. कोणत्याही एक्सचेंजच्या सवलतीपेक्षा हा फायदा मोठा असू शकतो.

नवखा

आम्हाला जे शुल्क द्यावे लागते, ते नफ्यातून वजा होत नाही का? शेअरमध्ये दलाली वजा होते.

सनदी_हिशेब

इथे फक्त खरेदीची किंमत वजा होते. विकतानाचे शुल्क, त्यावरचा जीएसटी, वॉलेटमध्ये पाठवण्याचा खर्च, इथेरियमचा गॅस (त्या जाळ्यावरचे व्यवहारशुल्क), यांपैकी काहीही वजा करता येत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यासमोर मांडता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

याचा परिणाम छोट्या नफ्याच्या सौद्यात दिसतो. एक लाखाला घेतलेले नाणे १,०१,५०० रुपयांना विकले, असे समजा. दोन्ही बाजूंचे शुल्क जीएसटीसह १,१८९ रुपये. कर १,५०० रुपयांवर, म्हणजे ४६८ रुपये. हातात काय उरले? १५७ रुपयांचा तोटा. तोटा होऊनही कर भरावा लागला. खरेदीच्या वेळचे शुल्क खरेदी किमतीत धरावे, असे मत असलेले लेखापाल आहेत. तसे धरले तर याच सौद्यात जेमतेम २७ रुपये सुटतात. सांगायचे इतकेच, की आपल्याकडे शुल्काचा अर्धा टक्का परदेशातल्या अर्ध्या टक्क्यापेक्षा जड पडतो.

एडिसनकर

सनदीताईंच्या शेवटच्या वाक्याला इथून, न्यू जर्सीतून, दुजोरा देतो. अमेरिकेत २०१४ पासून आयआरएस, म्हणजे इथले कर खाते, क्रिप्टोला मालमत्ता मानते. घेतानाचे शुल्क खरेदी किमतीत मिळवता येते आणि विकतानाचे विक्रीच्या रकमेतून वजा होते. तोटा नफ्यासमोर मांडता येतो आणि तरीही उरला तर वर्षाला ३,००० डॉलरपर्यंत तो इतर उत्पन्नातून वजा होतो. नाणे देऊन नाणे घेतले की कर लागतो, हे मात्र इथेही तसेच आहे.

इथला सर्वांत महाग मार्ग पेट्रोल पंपाच्या दुकानात उभा असतो : बिटकॉइन एटीएम. नोटा टाकायच्या, फोनवरचा कोड दाखवायचा, की बिटकॉइन वॉलेटमध्ये. त्या सोयीसाठी शंभर डॉलरमागे दहा ते वीस डॉलर सहज जातात आणि त्यातला बराच भाग भावात लपलेला असतो. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, की १ जानेवारी २०२५ पासून पाच डॉलर किंवा १५ टक्के यांपैकी जे अधिक असेल त्यापेक्षा जास्त आकारायचे नाही. मर्यादा १५ टक्क्यांची घालावी लागते, यावरूनच कल्पना यावी. वृद्धांना फोनवर घाबरवून या यंत्रापुढे उभे करणाऱ्या टोळ्यांचाही इथे सुळसुळाट आहे, पण तो वेगळा विषय झाला.

दुसरे टोक म्हणजे ईटीएफ, शेअर बाजारात शेअरसारखा घेता येणारा फंड. १० जानेवारी २०२४ रोजी स्पॉट बिटकॉइन ईटीएफना मंजुरी मिळाली. ब्लॅकरॉकच्या फंडाचा वार्षिक खर्च ०.२५ टक्के आहे, तर ग्रेस्केलच्या जुन्या ट्रस्टचा १.५ टक्के. सौद्याचा खर्च नगण्य, पण हा खर्च दरवर्षी लागतो, आणि बिटकॉइन आपल्या हातात कधीच येत नाही. गोदाकाठ यांना ते स्वतःच्या वॉलेटमध्ये हवे आहे, तेव्हा त्यांना याचा उपयोग नाही.

म्युनिकवासी

जर्मनीत खाजगी व्यक्तीने नाणे एक वर्षाहून अधिक काळ धरले, तर विक्रीचा नफा करमुक्त असतो. त्यामुळे आमच्याकडे शुल्क किती, यापेक्षा खरेदीची तारीख कोणती, हा प्रश्न आधी विचारला जातो.

विकेंद्री

इतका वेळ सगळी चर्चा एक्सचेंजभोवती चालली आहे. ईथर स्वतःच्या वॉलेटमध्ये असेल, तर युनिस्वॅपवर ते थेट डब्ल्यूबीटीसीमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या भावाने चालणाऱ्या टोकनमध्ये, बदलता येते. ०.०५ टक्के आणि ०.३ टक्के शुल्काचे साठे (दोन नाण्यांच्या राशी, ज्यांतून अदलाबदल होते) उपलब्ध आहेत. ०.३ टक्के धरले तरी दोन लाखांवर ६०० रुपये. जीएसटी नाही, केवायसी नाही, खाते गोठण्याची भीती नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचा पैसा वर्षभराहून अधिक काळ अडकला, हे विसरू नये. तो धोका कोणत्याही शुल्काच्या रकान्यात लिहिलेला नसतो.

आकडेमोड

शेवटचे वाक्य शंभर टक्के मान्य. ६०० रुपयांच्या आकड्यात मात्र तीन गोष्टी मिळवायच्या राहिल्या आहेत.

पहिली गॅस. साध्या ईथर पाठवण्याला २१,००० गॅस लागतो. युनिस्वॅपवरच्या सौद्याला दीड लाखाच्या आसपास. ईथरचा भाव अडीच लाख धरला आणि गॅसचा दर २० ग्वेई (ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग) असला, तर सौद्याचा गॅस ०.००३ ईथर, म्हणजे ७५० रुपये. दर पाच ग्वेईवर उतरला तर १९० रुपयांच्या आत. गर्दीच्या वेळी तो १०० वर गेला तर ३,७५० रुपये. सौदा फसला तरी गॅस जातोच. गॅसचा संबंध रकमेशी नसून कामाशी असतो, त्यामुळे वीस लाखांच्या सौद्याला तो किरकोळ आणि दोन हजारांच्या सौद्याला भयंकर वाटतो.

दुसरी साठ्याची खोली. जुन्या पद्धतीच्या साठ्यात दोन्ही बाजूंच्या राशींचा गुणाकार स्थिर राहतो. साठ्यात प्रत्येक बाजूला एक कोटीचा माल असेल आणि तुम्ही एक लाखाचा सौदा केला, तर भाव तुमच्या विरुद्ध सरकून सुमारे एक टक्का जातो. दहा लाखांचा केला तर नऊ टक्क्यांहून अधिक. ईथर आणि डब्ल्यूबीटीसीचे साठे मोठे आहेत, तिथे दोन लाखांना काही जाणवणार नाही. अनोळखी नाण्यांच्या बाबतीत मात्र हाच सर्वांत मोठा खर्च असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे वॉलेटमधले ‘स्वॅप’ बटण. मेटामास्क हे वॉलेट त्यासाठी स्वतःचे ०.८७५ टक्के घेते. दोन लाखांवर १,७५० रुपये झाले. साठ्याचे शुल्क आणि गॅस वेगळा. थेट एक्सचेंजच्या पानावर जाऊन तोच सौदा केला, तर हे वाचतात.

आणि डब्ल्यूबीटीसी म्हणजे बिटकॉइन नव्हे. ते इथेरियमवरचे टोकन आहे आणि त्यामागचे खरे बिटकॉइन कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या कंपनीकडे, असते. धागाकर्त्यांना खरे बिटकॉइन हवे असेल, तर पुढे आणखी एक बदल करावा लागेल, त्याचे शुल्क वेगळे आणि करासाठी तो पुन्हा वेगळा व्यवहार.

सनदी_हिशेब

विकेंद्रित एक्सचेंजवर टीडीएस कापणारा कोणी नसतो, म्हणून कर लागत नाही असे नाही. विवरणपत्राच्या आभासी मालमत्तेच्या परिशिष्टात प्रत्येक विक्रीची तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेली रक्कम लिहावी लागते. १ फेब्रुवारी २०२५ पासून, झडतीनंतरच्या आकारणीत न दाखवलेले क्रिप्टो अघोषित उत्पन्नात धरले जाते आणि त्यावर ६० टक्के कर आहे.

रोखठोक

पी-टू-पीबद्दल कोणीच लिहिले नाही. मी यूएसडीटी विकतो. विकणाऱ्याला शुल्क शून्य किंवा नाममात्र, आणि बँकेच्या डॉलरपेक्षा यूएसडीटीला भाव बहुधा अधिक मिळतो. खर्च नाहीच, उलट दोन पैसे वर मिळतात.

आकडेमोड

तो वरचा भाव म्हणजे कमाई नव्हे, रोखठोक. रुपये देऊन परदेशी डॉलर सहज घेता येत नाहीत, म्हणून इथल्या यूएसडीटीला अधिमूल्य लागते. तुम्ही यूएसडीटी इथेच घेतले असेल, तर ते अधिमूल्य तुम्हीही दिलेले आहे. मधल्या काळात ते घटले तर तुमचे नुकसान, वाढले तर फायदा. भारतीय बाजारात बिटकॉइन आणि ईथर या दोघांच्याही रुपयांतल्या भावात ते मिसळलेले असते, म्हणून एक विकून लगेच दुसरे घेणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

परसदार

पी-टू-पीचा खरा खर्च माझ्या भावाने भोगला आहे. त्याने एका अनोळखी माणसाला यूएसडीटी विकले, पैसे खात्यात आले, व्यवहार पूर्ण झाला. काही आठवड्यांनी बँकेने ती रक्कम गोठवली, कारण ते पैसे दुसऱ्याच राज्यातल्या कोणाची तरी फसवणूक करून फिरवलेले होते आणि फसलेल्या त्या माणसाने १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली होती. पुढे त्या राज्यातल्या पोलिस ठाण्याशी पत्रव्यवहार, व्यवहाराचे पुरावे, वकिलाची फी. भावाचा दोष काहीच नव्हता. शुल्क मात्र खरोखरच शून्य होते!

रोखठोक

परसदार, आपल्या भावाबद्दल वाईट वाटले. पण ओळखीच्या, पूर्वी पडताळलेल्या खरेदीदारालाच विकले, तर हा धोका पुष्कळ कमी होतो. सरसकट सगळ्यांना चोर म्हणू नये.

सनदी_हिशेब

चोर कोणी म्हटलेले नाही. धोका माणसाचा नसून पैशाच्या मागच्या साखळीचा आहे. ओळखीच्या खरेदीदारालाही आपल्याकडे आलेला पैसा कुठून आला, हे ठाऊक नसते. शिवाय सामान्य व्यक्ती खरेदीदार असेल आणि वर्षातली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर टीडीएस कापण्याची जबाबदारी त्या खरेदीदाराची असते. त्यासाठीचा फॉर्म महिना संपल्यापासून तीस दिवसांत भरायचा असतो आणि त्याला तुमचा पॅन लागतो. किती पी-टू-पी खरेदीदार हे करतात, याचे उत्तर रोखठोक यांनीच द्यावे.

रोखठोक

उत्तर आपल्यालाही माहीत आहे आणि मलाही.

विचक्षण

परदेशी एक्सचेंजचा मुद्दा राहिला. बायनान्सचे मूळ शुल्क ०.१ टक्के आहे, आणि तिथे ईथर-बिटकॉइन ही थेट जोडी चांगली चालते. एकच सौदा, दोन लाखांवर २०० रुपये. निव्वळ शुल्कात याला तोड नाही. मात्र ईथर तिथे पाठवण्याचा गॅस आणि बिटकॉइन बाहेर काढण्याचे शुल्क मिळवायला हवे. डिसेंबर २०२३ मध्ये वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्स, कुकॉइन यांच्यासह नऊ परदेशी एक्सचेंजना नोटिसा दिल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांची संकेतस्थळे बंद केली, तेव्हा अनेकांची धावपळ उडाली होती. नंतर बायनान्सला १८.८२ कोटी आणि बायबिटला ९.२७ कोटी रुपये दंड झाला आणि दोघांनी नोंदणीचा मार्ग धरला. परदेशी म्हणजे जीएसटी नाही, हेही आता सरसकट खरे नाही. बायबिटने जुलै २०२५ पासून भारतीय ग्राहकांच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लावला.

नवखा

बिटकॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये काढताना रक्कम जितकी मोठी, तितके शुल्क जास्त असते का?

आकडेमोड

नाही. बिटकॉइनच्या जाळ्यात शुल्क व्यवहाराच्या आकारावर ठरते, रकमेवर नाही. साधा व्यवहार सुमारे १४० व्हर्च्युअल बाइटचा असतो. दर बाइटला १० सातोशी (सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) धरले, तर १,४०० सातोशी; बिटकॉइन ८० लाखांना असेल तर एक सातोशी आठ पैशांचा, म्हणजे ११२ रुपये. शांत दिवशी दर एक-दोन सातोशीवरही असतो. उलट २० एप्रिल २०२४ रोजी, हाविंगच्या (नव्या बिटकॉइनचे बक्षीस निम्मे होण्याच्या) दिवशीच रून्स (बिटकॉइनच्या जाळ्यावर टोकन काढण्याची पद्धत) सुरू झाले आणि सरासरी शुल्क १२० डॉलरच्या पुढे गेले होते. एक्सचेंज मात्र जाळ्याचा दर न पाहता स्वतःचे ठरावीक शुल्क लावते. ते जाळ्याच्या दरापेक्षा कितीतरी अधिक असू शकते आणि छोट्या रकमेला तेच बोचते.

यातून एक गोष्ट निघते, जी दर आठवड्याला थोडे थोडे बिटकॉइन वॉलेटमध्ये काढणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. प्रत्येक काढणे वॉलेटमध्ये वेगळा तुकडा म्हणून राहते. पुढे खर्च करताना जितके तुकडे जोडावे लागतील, तितका व्यवहार फुगतो. प्रत्येक तुकड्याला सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट. वीस तुकडे जोडले तर व्यवहार साधारण १,४०० बाइटचा, म्हणजे शुल्क दहापट.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल रात्री बसून माझ्या दोन खात्यांवरचे भाव शेजारी शेजारी लिहिले. शून्य शुल्काच्या ॲपवर ईथर विकून बिटकॉइन घेतले असते, तर भावातल्या फरकापोटी दोन लाखांवर सुमारे ५,२०० रुपये गेले असते. ऑर्डर बुकवर लिमिट ऑर्डर टाकून जीएसटीसह दोन्ही सौद्यांचे शुल्क १,००० रुपयांच्या आत बसते आहे. यूएसडीटीचा मार्ग सोडला, पी-टू-पीचा तर नक्कीच सोडला.

एकच शंका उरते. माझ्या खरेद्यांपैकी काही नोव्हेंबर २०२१ च्या चढ्या भावातल्या आहेत. त्या खरेद्यांवर मी आजही १०,००० रुपये तोट्यात आहे आणि उरलेल्यांवर ७०,००० रुपये नफ्यात. कर ६०,००० वर लागणार की ७०,००० वर?

सनदी_हिशेब

बरे झाले विचारलेत, कारण हा प्रश्न शुल्कापेक्षा महाग आहे. तोटा नफ्यासमोर मांडता येत नाही, ही तरतूद काटेकोरपणे लावली तर कर ७०,००० वर, म्हणजे २१,८४० रुपये. तुमच्या अपेक्षेपेक्षा ३,१२० रुपये अधिक. सगळे ईथर एकाच ऑर्डरमध्ये विकले, तर तो एकच व्यवहार धरून सरासरी किंमत लावता येईल का, यावर लेखापालांत मतभेद आहेत. सावध लेखापाल ७०,००० धरेल. तोट्यातले ईथर आज विकणे भागच नसेल, तर ते तूर्त तसेच ठेवण्याचा विचार करा. कोणत्या खरेदीचे ईथर आधी विकले असे धरायचे, ते मात्र आधी ठरवून सर्व वर्षे तेच ठेवा, आणि ऑर्डर टाकण्यापूर्वी एक्सचेंजवरून सुरुवातीपासूनचे सर्व व्यवहार उतरवून घ्या. खाते बंद झाले किंवा एक्सचेंजच बंद पडले, तर खरेदीची किंमत सिद्ध करणे अवघड होते, आणि मग संपूर्ण विक्रीची रक्कम नफा समजली जाण्याची वेळ येऊ शकते.

गोदाकाठ

म्हणजे नफ्यातले ईथर आधी, आणि तेही एप्रिलमध्ये. बिटकॉइन वॉलेटमध्ये काढताना आधी छोटी रक्कम पाठवून पाहावी का? एक्सचेंजचे ठरावीक शुल्क त्यासाठी दोनदा द्यावे लागेल.

आकडेमोड

द्यावे. पत्त्याची पहिली आणि शेवटची चार-पाच अक्षरे जुळली म्हणून निश्चिंत राहू नका, कारण हुबेहूब दिसणारे पत्ते तयार करून फसवणारेही असतात. पत्ता पूर्ण तपासा आणि वॉलेटच्या पडद्यावरच्या पत्त्याशी जुळवा. छोटी रक्कम पोहोचल्यावर उरलेली सगळी एकाच वेळी काढा, म्हणजे तुकडे दोनच राहतील. आणि ते वॉलेट बिटकॉइनच्याच जाळ्यावर घेते आहे ना, ते एक्सचेंजच्या यादीतून जाळे निवडताना पाहा. तिथे स्वस्त दिसणारे दुसरे जाळे निवडून मिळते ते बहुधा टोकन असते.

पाटीवाला

एप्रिलमध्ये पुन्हा धागा वर काढा. तोवर जीएसटीचा दर तरी तोच असो.